पोराला गटार, पोरीला रस्ता

ताई, नमस्कार.

मी 24 वर्षांची आहे. आई महापालिकेत सफाई कामगार, 29 वर्षं झाली. येत्या मे महिन्यात रिटायर होतेय. लाड-पागे समितीच्या नियमाप्रमाणे तिच्या जागी घरातलं एक माणूस लागतं आणि आईनं माझं नाव द्यायचं ठरवलंय. मी आयटीआयला मोटर मेकॅनिक केलं. वर्गात 22 पोरं आणि मी एकटी मुलगी. ॲप्रेंटिसशिपला एका वर्कशॉपमध्ये वर्षभर मला स्टोअरमध्ये बसवलं, पावत्या लिहायला. आता एका गॅरेजमध्ये आहे, 12 हजार मिळतात. आईच्या हातात 46 हजार पडतात. आमची खोली नोकरीची आहे, घरातलं कुणी लागलं नाही तर ती सोडावी लागेल. भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान, ठेकेदाराच्या कचरागाडीवर जातो. आई म्हणते, "पोराला लावलं तर उद्या त्याला गटारात उतरवतील. पोरीला रस्ताच देतील." माझा मामा 2009 ला गटाराच्या चेंबरमध्ये वारला, त्यामुळे तिच्यापुढे बोलता येत नाही. मला झाडू हातात घ्यायची लाज वाटते. आणि ज्या झाडूवर आईनं मला शिकवलं त्याची लाज वाटते, याची जास्त लाज वाटते. जात लिहीत नाही, आईचं काम सांगितलं की लोकच ओळखतात. काय करू?

— पाना की झाडू

---

पोरी, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की त्यात भाऊ दोनदा येतो आणि दोन्ही वेळा मुका. तो कुठं जातो हे आहे, त्याचं काय होईल ही आईची भीती आहे. त्याला काय हवंय ते कुठंच नाही. विचारलंय का कुणी त्याला? हे आधी लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं तिथंच येऊन अडणार आहे.

आता आईचं वाक्य. पोराला गटार, पोरीला रस्ता. तिनं 29 वर्षं जे पाहिलं ते एका ओळीत सांगितलं. सफाईचं काम कोणत्या वस्तीतल्या माणसानं करायचं हे जातीनं ठरलं. त्या कामात कुठली बाजू कुणी उचलायची हे बाई की बाप्या यावर ठरलं. बाईनं झाडायचं, बाप्यानं गाडी भरायची, चेंबरचं झाकण उघडायचं. वाटणीत वाटणी. तू तर दोन्हींच्या मधोमध सापडलीस. आयटीआयच्या दारातून मुलगी म्हणून तुला स्टोअरमध्ये वळवलं, आणि घरच्या दारातून झाडूकडे.

"कुठलंच काम हलकं नसतं" असं मी तुला म्हणणार नाही. हे वाक्य मी बहुतेक वेळा अशाच माणसांच्या तोंडून ऐकलंय ज्यांच्या घरातलं पोरगं त्या कामाला कधी जाणार नसतं. तुझी लाज झाडूची नाही, मला वाटतं. जाहिरात वाचून, अर्ज करून, शंभर जणांतून निवड होऊन तू सफाई कामगार झाली असतीस तर एवढी खुपली नसती. खुपतं ते हे, की ती जागा तुझ्या जन्माआधीपासून तुझ्या नावानं राखून ठेवल्यासारखी आहे. 2024 मध्ये केंद्र सरकारनंच गटारं आणि सेप्टिक टाक्या साफ करणाऱ्या सुमारे 38 हजार कामगारांची माहिती जमवली. त्यातले जवळपास 92 टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी निघाले, एकट्या अनुसूचित जातींचेच 69 टक्क्यांच्या आसपास. एवढं एकसारखं माप आवडीनिवडीतून येत नाही. तुरुंगांचंच बघ. कैद्यांमध्येसुद्धा स्वयंपाक एका जातीला आणि संडास दुसऱ्या जातीला, असं काही राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत छापलेलं होतं. ते घटनाबाह्य ठरवायला सर्वोच्च न्यायालयात 2024 चा ऑक्टोबर उजाडला, तेही मुंबईतल्या एका पत्रकार बाईंनी याचिका केली म्हणून.

माझ्या घरातली गोष्ट सांगते. माझे आजेसासरे गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणाईत होते. साचेवाल्याचा पगार चांगला, गावात मान. घरात अभिमानानं सांगायचे की आमच्या खात्यात परकं माणूस शिरत नव्हतं. परकं म्हणजे कोण, ते मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं. मागावर आडवा दोरा नेणारा धोटा असतो, त्यातली दोऱ्याची कांडी संपली की नव्या कांडीचा दोरा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यायचा. एकाचं उष्टं दुसऱ्याला, म्हणून अस्पृश्यांना विणाईत घ्यायचं नाही. ते कमी पगाराच्या खात्यांत. बायका सूत गुंडाळायच्या वाइंडिंग-रीलिंग खात्यांत, त्यांचाही पगार कमीच. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हाच मुद्दा पुढे केला की विणाई खातं आमच्या माणसांना खुलं करा. आता गंमत बघ. दोरा तोंडानं ओढणं ही मुळात घाणेरडी पद्धत, त्यातून क्षय पसरायचा. ती पद्धत बदला असं म्हणण्याऐवजी माणसं बाहेर ठेवली, आणि त्या थुंकीच्या आडून चांगला पगार सांभाळला. आम्ही कुठल्या बाजूला होतो ते तुला कळलंच असेल.

पण कामाच्या बाबतीत बाई म्हणून मी दुसऱ्या बाजूला होते. ठाण्याकडच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात मी 11 वर्षं काढली. लांब टेबल, प्रत्येकीच्या डोक्यावर भिंगाचा दिवा, समोर सर्किटची हिरवी पट्टी. रेझिस्टर नावाच्या बारक्या भागाचे तारेचे पाय वाकवायचे, भोकात घालायचे, पट्टी उलटी करायची, सोल्डर लावायचं. आम्ही 60 जणी आणि एक सुपरवायझर, तो बाप्या. पाहुणे आले की मॅनेजर सांगायचा, बायकांची बोटं नाजूक असतात, पुरुषांना हे जमत नाही. आम्ही ऑपरेटर, मशीन लावणारे ते सेटर. सेटरचा पगार आमच्या दीडपट. मग अख्खी पट्टी एकदम सोल्डर करणारं वेव्ह सोल्डरिंगचं मशीन आलं. आता बोटांची गरज नव्हती, बटणं दाबायची होती. मी अर्ज केला. उत्तर आलं की मशीन तीन पाळ्यांत चालणार आणि बायकांना रात्रपाळी कायद्यात बसत नाही. खरंच नव्हती बसत. 1948 च्या कारखाना कायद्यात संध्याकाळी 7 ते सकाळी 6 बाईनं कामावर नसावं असं होतं. आमच्या भल्यासाठीच केलेला नियम, पण बढतीचा जिना रात्रपाळीतूनच वर जायचा. मशीनवर जो आला तो आमच्याच टेबलाला माल पुरवणारा हेल्पर होता. त्याची बोटं कशी होती ते कुणी पाहिलं नाही.

हे सांगायचं कारण तुझं स्टोअर. वर्षभर पावत्या लिहायला लावणाऱ्यांनी तुला छळलं नसेल, उलट खुर्ची दिली असेल, पंख्याखाली बसवलं असेल. "कशाला हात काळे करतेस" असं प्रेमानंही म्हटलं असेल. त्या वर्षात तुझ्या वर्गातल्या 22 पोरांनी किती गिअरबॉक्स उतरवले आणि तू किती? तो फरक आता गॅरेजमालक मोजतो आणि म्हणतो, मुलींना हेवी काम जमत नाही. तुझे 12 हजार त्या खुर्चीतून आले आहेत.

कामं अशी वेगळी पाडली की पगाराचा फरक झाकला जातो. 1976 साली समान कामाला समान वेतन असा कायदा झाला. मुंबईतल्या एका जहाज कंपनीत ऑड्री डिकॉस्टा नावाच्या स्टेनोग्राफर होत्या, पुरुष स्टेनोपेक्षा कमी पगारावर. कंपनी म्हणाली, या 'लेडी स्टेनोग्राफर', साहेबांचं खासगी काम बघतात, हा वर्गच निराळा. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते साफ नाकारलं, काम सारखंच आहे म्हणाले. पण बाई, ज्या कारखान्यात 60 टेबलांवर 60 बायकाच बसवल्यात, तिथं तुलना करायला शेजारी पुरुष आणायचा कुठून? तुझ्या घरातही तेच. आई कायम, भाऊ ठेक्यावर. कचरा एकाच गल्लीतला. भावाचा ठेक्यावरचा पगार तू लिहिला नाहीस, पण आईच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर नसेल, पैज लावते. मुंबईत अशाच कंत्राटी कामगारांपैकी 2700 जणांनी संघटना करून वर्षानुवर्षं खटला लढवला तेव्हा 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या कायमपणावर शिक्का बसला.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. माझं मत सरळ आहे: ही जागा भावाला जाऊ दे, तो हो म्हणत असेल तर.

आईला वाटतं पोराला वाचवायचं तर त्याला पालिकेत लावू नये. भीती खरी आहे, मामा गेलाय. पण हिशेब उलटा पडतोय, कारण पोरगं आज जास्त धोक्यात आहे. ठेकेदाराच्या गाडीवर त्याला हातमोजे मिळतात का? गेल्या पावसाळ्यात कधी चेंबरच्या तोंडाशी उभं केलं होतं का, "जरा दोरी धर" म्हणून? माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत गटारात मेलेला माणूस बहुतेक वेळा ठेक्यावरचाच असतो, हजेरीपटावर नाव नसलेला. 2013 च्या कायद्यानं संरक्षक साधनांशिवाय माणूस गटारात उतरवणं हा गुन्हा आहे. कायम कामगार "मी उतरणार नाही" म्हणू शकतो, त्याच्या मागं युनियन असते. ठेक्यावरचा नाही म्हणाला तर दुसऱ्या दिवशी गाडीवर दुसरा. आईपुढे तुला बोलता येत नाही म्हणतेस ना, तर तू बोलूच नकोस. भावाला बोलू दे. त्याच्या तोंडून मागच्या आठवड्यात काय काय उचललं ते तिनं ऐकायला हवं. ती ते सगळं ओळखेल.

तो हो म्हणाला तर खोली वाचते, पगार येतो, तू सुटतेस. पण इथं एक इशारा. हक्क सोडणारी बहीण घरात दोन वर्षं देवी असते, तिसऱ्या वर्षी पाहुणी. भावाचं लग्न होईल, खोली त्याच्या नोकरीची, आणि तुझा पलंग बाहेरच्या पॅसेजमध्ये येईल. कुणाचं मन वाईट नसतं, जागाच दहा बाय बाराची असते. म्हणून आईला ग्रॅच्युइटी आणि फंडाचे पैसे येतील त्यातला ठरावीक हिस्सा तुझ्या शिक्षणाचा, हे आत्ताच, तिघांनी बसून, आकड्यासकट ठरवा. लाजू नकोस. तू 46 हजारांची जागा सोडतेयस, वाटीभर साखर नाही.

कागदाचं सांगते. लाड-पागे म्हणजे नक्की काय यावर पालिकेच्या चौकीत दहा माणसं दहा गोष्टी सांगतील. 2023 च्या फेब्रुवारीत शासनानं सुधारित निर्णय काढला, त्यावर उच्च न्यायालयात वादही झाले. आईनं आस्थापना विभागात लेखी अर्ज देऊन विचारावं: वारसाचं नाव कधीपर्यंत द्यायचं, दिलेलं बदलता येतं का, शिक्षण बघून दुसरं पद देतात का, खोली किती दिवसांत सोडावी लागते. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. आणि "लवकर काम करून देतो" म्हणणारा जो कोणी दलाल दारात येईल, येतोच, त्याला पाणीसुद्धा विचारू नका.

या वारसा हक्काबद्दल माझं मन दोन ठिकाणी आहे, तेही लपवत नाही. सत्तरच्या दशकात ज्यांनी ही शिफारस केली त्यांना दिसत होतं की या माणसांना दुसरीकडे कुणी उभं करत नाही, निदान हे तरी हातचं जाऊ नये. खरं होतं ते. अजूनही खरं आहे. 2007 मध्ये आपल्या विदर्भातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकेचे पॉल ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांना एकसारख्या शिक्षणाचे अर्ज पाठवून पाहिले, फरक फक्त नाव-आडनावाचा. दलित नावाला पुढची हाक येण्याची शक्यता वरच्या जातीच्या नावाच्या साधारण दोन-तृतीयांश, मुसलमान नावाची त्याहून कमी. अशा बाजारात पोराच्या हातची पक्की नोकरी सोड म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण तोच कागद पिढ्यान् पिढ्या झाडूही हातात देतो. हक्क आणि खोडा एकाच लिफाफ्यात.

भाऊ नाही म्हणाला तर? त्याला ड्रायव्हर व्हायचं असेल, केस कापायचे असतील, गावी जायचं असेल. तर मग तुला खरंच ठरवावं लागेल, आणि मी तुझ्या जागी असते तर मी जागा घेतली असती. 12 हजारात भाड्याची खोली, आईचं औषध आणि पुढचं शिक्षण होत नाही. सकाळची पाळी लवकर सुटते, दुपार तुझी. मुंबईत रात्री झाडू मारून दिवसा टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिकलेल्या कामगाराची बातमी तू वाचली असशील. अभ्यासासाठी रजा मिळवायला त्याला जे झगडावं लागलं तेही वाच. दोन वर्षांसाठी म्हणून लागलेली माणसं तीस वर्षांनी रिटायर होतात हे मी पाहिलंय. तेवढा विश्वास स्वतःवर असेल तरच.

आणि पाना कुठल्याही परिस्थितीत सोडायचा नाही. आयटीआय झालेल्यांना पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, मेकॅनिकल किंवा ऑटोमोबाईल घे. घरचं उत्पन्न शिष्यवृत्तीच्या मर्यादेबाहेर गेलं तरी अनुसूचित जातीच्या मुलांना फ्रीशिप, म्हणजे फीमाफी असते, कॉलेजच्या खिडकीवर हा शब्दच वापर. डिप्लोमा झाला की आरटीओतल्या सहायक मोटार वाहन निरीक्षकाच्या परीक्षेला बसता येतं, लोकसेवा आयोगाची असते, त्यात बायकांना 30 टक्के जागा राखीव. ज्या गॅरेजवाल्यानं तुला क्लच प्लेटला हात लावू दिला नाही त्याच्या गाडीचं फिटनेस सर्टिफिकेट तुझ्या सहीनं निघेल. (एवढा दुष्टपणा मला वयानं माफ आहे.) तोवर गॅरेजमध्ये रोज एक तरी काम मागून घे आणि वहीत लिही: तारीख, गाडी, काय उघडलं, काय बदललं. स्टोअरमध्ये गेलेलं वर्ष असंच भरून काढावं लागेल.

मुलींना जमत नाही हे कुणी म्हटलं तर वाद घालू नकोस. साताऱ्याच्या सुरेखा यादव 1989 पासून रेल्वेत होत्या, 2023 मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली. आपली एसटी मात्र 1948 च्या 1 जूनला पुणे-नगर मार्गावर पहिल्यांदा धावली आणि तिच्या स्टिअरिंगवर बाई बसायला 2023 साल उजाडलं. मध्ये 75 वर्षं गेली, आणि त्या काळात बायकांचे हातपाय काही बदलले नव्हते.

एक गोष्ट तू विचारली नाहीस पण मला राहवत नाही. मामाच्या घरच्यांना भरपाई मिळाली का? सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये सांगितलं की 1993 पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला 10 लाख द्या. 2023 च्या ऑक्टोबरात ती रक्कम 30 लाख केली, आणि ज्यांना आधी काहीच मिळालं नाही त्यांनाही हीच रक्कम. मामी असतील तर त्यांना घेऊन जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय गाठ. बाई म्हणून आणि अनुसूचित जातीच्या म्हणून, दोन्हीकडून त्यांना वकील फुकट मिळतो. मृत्यूचा दाखला, पंचनामा, त्या काळी वर्तमानपत्रात आलं असेल तर कात्रण, असं काहीतरी कुठल्यातरी ट्रंकेत असेलच. आईला हे काम सांग. तिच्या भावाचं आहे, ती करेल.

रविवारी भावाशी बोल, घरात आईसमोर नको, खाली चहाच्या टपरीवर. त्यानं काय सांगितलं ते मला लिही. आणि त्याच पत्रात हेही कळव की तुझ्या कारच्या लायसन्सला वर्ष पुरं झालंय का. त्याशिवाय अवजड गाडीचं शिकाऊ लायसन्स देत नाहीत, आणि निरीक्षकाच्या नोकरीला ते तुला लागणार आहे.